किल्ल्यातला विस्तव

शूर नावाच्या नदीच्या वळणावर बॅलिनार्डच्या किल्ल्याची आता एकच भिंत आणि एक कमान उरली आहे. इंग्रज शिपायांनी तो जाळला, त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या एका बाईने चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात घालून आपल्या झोपडीत नेले. ती झोपडी हेगर्टींची. किल्ल्यात गवत माजले, डोमकावळे राहू लागले. हेगर्टींची चूल मात्र तीनशे वर्षांत विझली नाही.

घर बंद करून जाणाऱ्याने आपला विस्तव शेजाऱ्याच्या चुलीत घालायचा, ही आमच्याकडची रीत. तो नेणाऱ्याने वाटेत बोलायचे नाही. बोलल्यास विस्तव रुसतो आणि विझू पाहतो.

वडील गेल्यावर ऊना हेगर्टी एकटी उरली आणि बॉस्टनला मावशीकडे निघाली. तिला थांबवायचे शब्द मी हिवाळाभर मनात जुळवत होतो. निघायच्या सकाळी तिने माझ्या हाती निखाऱ्यांचे भांडे दिले आणि पेटी उचलून शेजारून चालू लागली.

“तुझं बरं झालं, फिन्टन. एरवीही तोंड उघडत नाहीस, आज निदान कारण तरी आहे.”

मी मान हलवली.

“तिकडे म्हणे घरात चूलच नसते, भिंतीतून ऊब येते. मग मी पाय कुठे शेकायचे, सांग. नको, सांगू नकोस.”

नदी दोन्ही काठ भरून, आवाज न करता वाहत होती. कमानीशी वाट फुटते: डावीकडे माझे घर, उजवीकडे बसचा थांबा. तिथे ऊनाने पेटी खाली ठेवली.

“जाऊ नकोस,” मी म्हणालो.

ती दचकली. माझ्या हातातल्या भांड्याचे झाकण उचलून तिने राखेवर हलकेच फुंकर घातली. आत लाली होती.

“वेडा आहेस. तीनशे वर्षं जपलेला विस्तव, आणि तुला आजच बोलायचं होतं?” तिचा आवाज रागाचा नव्हता. “मावशी वाट बघतेय रे. जायलाच हवं. पण हा सांभाळ. परत आले, तर माझी चूल कशानं पेटवू?”

बस वळणाआड गेली तेव्हा भांड्याचा दांडा हाताला पोळत होता.

घरी आईने निखारे आमच्या चुलीत ओतले.

“वाटेत बोललास?”

“हो.”

तिने चिमट्याने निखारे एकमेकांजवळ सारले.

“मग आता तुलाच जपावा लागेल,” ती म्हणाली, आणि तिने चिमटा माझ्या हाती दिला.