मास्तरांच्या पोटावरचा पहारेकरी

मी स्टोमा बोलतोय. नाक मुरडू नका. स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड. लालचुटुक, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. मला दुखत नाही, खुपत नाही, चिमटा काढलात तरी कळायचं नाही. पण मान आहे मला, आणि तो मी कमावलाय. कसा, ते ऐका.

माझे मालक शिंपी. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. तीस वर्षं कोट आणि पँटी शिवल्या. दुसऱ्याच्या कमरेत अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी दारातूनच ओळखायचे. पण त्या वर्षी स्वतःची पँट दोनदा कमरेत आत घेतली आणि का घ्यावी लागतेय, हे काही विचारलं नाही. शौचाला रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून आठ महिने मलम लावत बसले. मी तेव्हा आतच होतो, लहान आतड्याच्या शेवटच्या वळणावर. खाली काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं, पण माझं ऐकतो कोण?

शेवटी मुलीनं हाताला धरून नेलं. मोठ्या आतड्याच्या अगदी टोकाला, गुदाशयात, कॅन्सरची गाठ निघाली. आधी रेडिएशन झालं, मग ऑपरेशन ठरलं. सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "गाठ एकटी नाही काढायची. भोवती चरबीचं वेष्टन असतं, त्याच्यासकट तो भाग अख्खा काढायचा. वेष्टन फाटता कामा नये."

"अस्तरासकट म्हणा की," मास्तर म्हणाले.

"अगदी तसंच. मग वरचं आतडं खाली आणून जोडायचं. ती शिवण नाजूक असते. भरून येईपर्यंत तिच्यावरून काही जायला नको. म्हणून काही महिने लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवू. सगळं तिथूनच पिशवीत जाईल."

म्हणजे निवड माझी झाली होती! मास्तरांचा चेहरा मात्र पार उतरला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर पोटावर खूण करायला आल्या. मास्तरांनी स्वतःच जागा दाखवली, चांगली खाली, पट्ट्याच्या आत. "इथं करा. कुणाला पत्ता लागायचा नाही."

"बरं. आता बसून दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

मास्तर बसले आणि ती जागा पोटाच्या घडीत गडप झाली. ओशाळले बिचारे. ट्रायलला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतः हेच सांगायचे, बसून दाखवा. सिस्टरांनी घडीच्या वर फुली मारली. "इथं तुम्हाला नीट बघता येईल."

"मी नाही बघणार," मास्तर म्हणाले.

ऑपरेशन पाच तास चाललं. बाईंनी कसलीही घाई केली नाही. वेष्टन कुठंही न फाटता गाठ बाहेर आली, शिवण बसली आणि त्या फुलीवर मी उजेडात आलो. "छान रंग आहे याचा," बाई म्हणाल्या. मला छाती नाही, नाहीतर फुगली असती. तेव्हापासून वरून येईल ते मी बाहेर वळवत राहिलो. खालच्या शिवणीवर ताण म्हणून पडू दिला नाही. एक दिवस रजा नाही, रविवार नाही.

आणि मास्तर? शब्दाचे पक्के. पिशवी बदलायची वेळ झाली की भिंतीकडे तोंड फिरवायचे. सगळं बायकोनं करायचं. पिशवीच्या चिकटणाऱ्या चकतीला माझ्या मापाचं भोक कापावं लागतं. दवाखान्यातून निघताना सिस्टरांनी माप घेतलं होतं, अडतीस मिलिमीटर. बायको बिचारी दर खेपेला इमानानं तेवढंच कापायची. दोन आठवड्यांनी पुन्हा माप घ्या, असं सिस्टरांनी बजावलं होतं, पण जिवाच्या घालमेलीत ते राहूनच गेलं. मी तर सूज उतरून महिन्याभरात लहान झालो होतो. उरलेल्या फटीतून पाझर व्हायचा, कातडी लालेलाल, पिशवी अर्ध्या दिवसात सुटायची. आणि बोल कुणाला? मला!

"या कार्ट्यानं जाळलं मला," मास्तर एका सकाळी म्हणाले. "दुकानाची चावी आजच जागामालकाला परत देऊन टाकतो. असला वास घेऊन कुणाची मापं घेऊ?"

बायकोचे हात थांबले. "अहो, दुकान सोडून तुम्ही करणार काय?" तिला रडू फुटलं. कापलेली चकती हातातून निसटून मास्तरांच्या मांडीवर पडली.

मास्तरांनी ती उचलली. उलटी केली, सुलटी केली. "हे भोक कुणी कापलं?"

"मीच. रोज मीच कापते."

"कडा बघ कशा दातेरी आल्यात! आणि माप कधीचं?"

"दवाखान्यातलं."

"अगं, दीड महिना झाला त्याला! अंगाचं माप कधी कायम राहतं का? टेप आण. आणि माझी कात्री आण, लहानवाली."

आणि मास्तरांनी मान खाली घालून माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा. वाईट कटिंग त्यांना सोसवत नाही, दुसरं काही नाही! चष्मा लावून त्यांनी मला उभं मोजलं, आडवं मोजलं. "गोल कुठाय हा? अंडाकृती आहे." मग कागदाचा फर्मा कापला, त्यावरून चकती कापली आणि अशी बसवली की केसभर फट राहिली नाही. मापांच्या वहीत माझं पान उघडलं: उभा एकोणतीस, आडवा सव्वीस. आठवड्याभरात कातडी बरी झाली. पंधराव्या दिवशी कंबर उंच ठेवलेली नवी पँट घालून मास्तर दुकानात हजर.

एकदा मास्तर एका साहेबांच्या कोटाचं माप घेत असताना मी जोरात गुरगुरलो. साहेब दचकले. "नवा कारागीर ठेवलाय," मास्तर शांतपणे म्हणाले. "बोलतो जास्त, पण कामाला चोख."

चार महिन्यांनी एक्स-रे काढून शिवण तपासली. कुठंही गळती नव्हती. आता मला आत पाठवायचं ठरलं. ऑपरेशनच्या टेबलावर भूल देण्याआधी मास्तरांनी अंगावरची चादर बाजूला केली आणि मला डोळे भरून पाहिलं. "शिवण सांभाळलीस रे बाबा," ते म्हणाले. "जा आता घरी." मला रडायला डोळे नाहीत. तेवढंच एक राहून गेलं.

आता मी पुन्हा आत आहे, इतर आतड्यांसारखाच एक. पोटावर बोटभर व्रण आहे, दुकानात खिळ्याला माझा फर्मा आहे. तुम्हाला रक्त दिसलं तर लाजून मलम लावत बसू नका, लगेच दाखवा, एवढंच माझं मागणं.

परवा एक गिऱ्हाईक आलं. चार महिन्यांत दुसऱ्यांदा पँट आत घ्यायला. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि हळूच विचारलं, "शौचाला रक्त जातं का हो?"

"मूळव्याध आहे जुनी," तो पुटपुटला.

मास्तरांनी दार लोटलं, शर्ट वर केला आणि व्रण दाखवला. "हीच मूळव्याध मलाही होती. पँट राहू द्या. आधी दवाखान्यात चला, मी येतो बरोबर."

तो माणूस जागचा हलेना, नुसता व्रणाकडे बघत राहिला. मग मी आतून चांगला मोठ्यानं गुरगुरलो. तो दचकून हसला आणि चपला घालू लागला.