दात्याचा रकाना

संग्रहालय तीन महिन्यांसाठी चपलांच्या सेलला द्यायचं ठरलं, तेव्हा ते सांभाळणारा माणूस जाऊन सव्वा महिना झाला होता. नगरपालिकेला गळकं छप्पर दुरुस्त करायला पैसे हवे होते, सेलवाल्याला बाजाराच्या तोंडाशी जागा हवी होती, दोघांचं जमलं. वस्तू खोक्यांत भरून गोदामात जाणार होत्या. त्याआधी यादी करायची होती: क्रमांक, वस्तू, दाता. म्हणून नगरपालिकेच्या कारकुनाने त्या माणसाच्या मुलीला फोन केला. वडिलांच्या वह्या तेवढ्या घेऊन या, म्हणाला.

वह्या नव्हत्या. हे तिला फोन ठेवायच्या आतच उमगलं. तरी ती "शोधते" म्हणाली.

वडील वजनमापे खात्यात निरीक्षक होते. नोकरी करता करताच जुन्या जकात कचेरीच्या चार खोल्यांत त्यांनी हे संग्रहालय जवळजवळ एकहाती उभं केलं. राजेरजवाड्यांचं तिथे काही नव्हतं. शिंप्याची कात्री, सुइणीची पिशवी, न्हाव्यांचे वस्तरे, अशा लोकांनी वापरून झिजवलेल्या वस्तू. प्रत्येकीच्या पोटाखाली ते बारीक कुंचल्याने पांढरा क्रमांक घालत. दात्याचं नाव मात्र पाटीवर येऊ देत नसत. नाव लिहिलं की तुझी पाटी मोठी की माझी, यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, असं त्यांचं म्हणणं. नावं फक्त वहीत. आणि नवी वही कशाला, म्हणून खात्यातल्या उरलेल्या वह्याच त्यांनी वापरल्या. पुठ्ठ्यावर छापलेलं होतं: तराजू तपासणी. कचेरीत वाळवी, म्हणून त्या घरी माळ्यावर असत.

वडील गेल्यावर भाड्याचं घर रिकामं करायला तिच्या हाती दोन दिवस होते. माळ्यावरच्या सात वह्यांचे पुठ्ठे तिने वाचले, चाळीस वर्षांपूर्वीचे सरकारी कागद समजून त्या बाजूला केल्या, आणि जुन्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. एकही उघडली नाही. उघडली असती तर पहिल्याच पानावर त्यांचं अक्षर होतं.

यादीच्या दिवशी सकाळी सेलवाल्याची माणसं रॅक उतरवत होती. सेलवाला बोलका होता. "ताई, काळजी करू नका. भिंतीला एक खिळा ठोकणार नाही. चपला आहेत, आपल्या पायरीनं राहतील," असं म्हणून तो स्वतःच हसला, आणि चपला घालून बघायला आणलेलं बाक त्याने तिच्यासाठी पुढे सरकवलं. कारकुनाने टेबलावर कागद पसरले आणि वह्या मागितल्या.

"आधी तोंडी सांगते," ती म्हणाली. "घ्या लिहून."

आणि तिला येत होतं. लहानपणी जेवताना वडील एकदम क्रमांक टाकत. सदतीस? सुइणीची पिशवी. कोणाची? तेलीण आजीची. चुकलं की ते पोळी मोडत गंभीरपणे म्हणत, "तराजूत खोट आहे." मग सगळे हसत, आई होती तोवर आईसुद्धा. ते सगळं आता ओळीने जिभेवर येत होतं. कारकून लिहीत होता, मान डोलावत होता. वडिलांचीच मुलगी शोभता, असंही एकदा म्हणाला. तिने वर पाहिलं नाही.

एकशे बारा ही तांबटाची हातोडी होती. त्या वर्षी ती नोकरीला दुसऱ्या शहरात गेली. पुढचे क्रमांक वडील दर रविवारी फोनवर सांगत. आज एकशे तीस आला, कोणाचा आहे ओळख पाहू. ती म्हणे, बाबा, नंतर बोलू या का.

"एकशे तेरा," कारकून म्हणाला.

तिने बाक टेबलाजवळ ओढलं. मग म्हणाली, "वह्या माझ्या हातून रद्दीत गेल्या. मी उघडून पाहिल्या नाहीत."

कारकुनाने पेनाला टोपण लावलं, काढलं.

"माझ्या आजोबांचा वस्तरा आहे इथं," तो हळूच म्हणाला. "माझ्या वडिलांनी दिला होता, तीन-चार वर्षांपूर्वी. पाच आहेत ना त्या पेटीत?"

"पाच."

दोघे पेटीपाशी गेले. पाचही वस्तरे काळ्या मुठीचे. त्याने एकेक उलटून क्रमांक पाहिला. क्रमांक होते. कुठला कोणाचा, ते कुठेच नव्हतं. तो परत येऊन बसला आणि त्याने एकशे तेरासमोर 'अज्ञात' लिहिलं. मग खाली, त्याच्या खाली. ती पाट्या वाचून वस्तूचं नाव सांगत राहिली. चपलांच्या नव्या रबराचा वास खोल्यांत भरत होता.

एकशे चौऱ्याहत्तर ही पत्र्याची पेटी होती. आत मोडका कर्कटक, दातांनी चावलेलं खोडरबर. पाटीवर वडिलांचं अक्षर: शाळकरी मुलीची कंपासपेटी.

तिने ती उघडली, मिटली. एका रविवारी ते म्हणाले होते, तुझी कंपासपेटी सापडली, संग्रहालयाला देतेस का? तिची बस आली होती. काहीही करा बाबा, असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

कारकून सवयीने 'अज्ञात'चा अ काढत होता.

"थांबा. पेन द्या," ती म्हणाली.

अ खोडून तिने त्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. वरच्या एकसष्ट ओळींना कोणीच नव्हतं. तिने पेन परत दिलं.

"एकशे पंचाहत्तर," कारकून म्हणाला.

ते पितळेचं अदपावाचं माप होतं. काठाला पोचा आलेलं, घासून लख्ख. कोणी दिलं, तिला माहीत नव्हतं.