चोरीची जास्वंद

मागून घेतलेली फांदी लागत नाही, चोरून नेलेलीच लागते, यावर आमच्या कोल्हारात कुणाचं दुमत नाही. त्यामुळे गोजरमावशींच्या दुहेरी शेंदरी जास्वंदीवर अख्ख्या आळीचा डोळा होता. पण खरी गंमत पुढेच. चोरायला गेलेल्या बाईला फांदी कुंपणावर तयार सापडायची: बोटभर जाड, पेराच्या डोळ्याखाली तिरपी कापलेली, शेंड्याला दोनच पानं ठेवलेली. मावशी पाठ फिरवून अंगण झाडत असायच्या. इतक्या निगुतीनं स्वतःला लुटून घेणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

समोरच्या मेहताबभाभींनीही अशीच एक फांदी नेऊन मोरीच्या तोंडाशी लावली होती.

मावशी एकट्याच. मुलगा श्रीगोंद्याला साखर कारखान्यात. थंडी सरली की त्या जास्वंदीची छाटणी करायच्या, मावा पडला की तंबाखूचं पाणी शिंपडायच्या. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि प्रवरेच्या वाळूत खड्डे खणून पाणी भरायची पाळी आली, तेव्हा त्यांनी अंघोळीचा दगडच झाडाशेजारी नेला. भोवती लुगड्याचा आडोसा. साबणाला फाटा, कारण साबणानं मुळं पोळतात.

मी हसले तर म्हणाल्या, "येका पान्यात दोगी न्हातो. तुजं काय बिघडलं?"

चैत्रात भाभींची लेक बानू बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बाळंतिणीच्या घरात पाणी पुरेना. एके सकाळी मावशींनी आपला अंघोळीचा हंडा भाभींच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला. मग रोजच. स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायच्या.

जास्वंदीच्या कळ्या गळल्या. मग पानं. मला राहवेना. "अहो, तांब्याभर तरी झाडाला ठेवायचं!"

"आन् पोरीला कोरडी ठिवू व्हय?" एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. वैशाखात खोड काटकीसारखं मोडलं.

इकडे बाळाच्या अंघोळीचं पाणी मोरीतून वाहायचं ते थेट भाभींच्या जास्वंदीला. ती मात्र तगली.

पुढं पाऊसपाणी झालं. भाभी फांदी घेऊन मावशींच्या दारात उभ्या राहिल्या.

"दिल्याली फांदी लागत न्हाई, मेहताब."

"मग चोरा की, मावशी!"

"मी? जल्मात कुनाची काडी उचलली न्हाई. आता म्हातारपनी चोरी करू?"

झालं! म्हातारी हट्टाला पेटली. मला तर असा राग आला! कारण रोज सकाळी ती रिकामी जागा त्या झाडायच्या, मग तिथंच उकिडवं बसून राहायच्या, हे मी माझ्या ओट्यावरून बघत होते. ते बघवत नव्हतं.

शेवटी मी आणि भाभींनी बेत केला. भाभींनी फांदी कापली. बोटभर जाड, तिरपी, शेंड्याला दोन पानं. मोरीच्या दगडावर ठेवली आणि भर आळीत ओरडल्या, "आमी समदी बाजारला चाललो गं! घरात कुनी न्हाई!" मी सूप घेऊन ओट्यावर पाठ फिरवून बसले. तांदूळ निवडत होते म्हणे. मान सगळी मागे.

मावशी आल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फांदी उचलून पदराखाली घातली. तेवढ्यात दारातून बाळ खिदळलं.

बानू बाजारला गेलीच नव्हती. बाळाला खांद्यावर घेऊन ती दारात उभी होती. शहाणी पोर, रिवाजाप्रमाणे तिनंही पाठ फिरवली होती. पण खांद्यावरचं बाळ मागे बघत होतं, सरळ मावशींच्या तोंडाकडे.

मावशी जागीच थिजल्या. मग हळूच पुढं झाल्या आणि त्यांनी पदर बाजूला करून फांदी त्या बाळाला दाखवली.

"तूच येकटीनं बगितलंस. बग. माज्या झाडाचं पानी तुला घातलं हुतं. तुज्या न्हानीच्या पान्यावर ही वाढली. म्हून न्हेते. कुनाला सांगू नगंस."

बानूची पाठ हलत होती. माझ्या सुपातले खडे मला दिसेनासे झाले.