नाव न घातलेला लेख

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. रंगाने काळा, अंगाने जाडजूड आणि उजव्या बाजूची बिजागरी मोडलेला. माझ्या पाठीवर कितीतरी वर्षे एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली होती, ‘स्टोअर-२’. ही चिठ्ठी तेवढी लक्षात ठेवा. माझ्या हातून जे वाईट घडले ते या नावामुळेच घडले.

माझा जन्म कुठल्या परमुलखात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते चिकलठाण्याच्या एका कंपनीचे गोदाम. तिथे मी सात वर्षे इमानेइतबारे नोकरी केली. खोके किती आले, रंगाचे डबे किती गेले, सगळे माझ्या पोटात असायचे. “स्टोअर-दोनचा लॅपटॉप कधी दगा देत नाही,” असे साहेब चारचौघांत म्हणत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे. तिथे मी एक गोष्ट शिकलो. कागद कुठलाही असो, त्याखाली नाव पाहिजे. बिननावाचा कागद आला की साहेब तो बाजूला सारत आणि मग तो कुणाचाच उरत नसे.

पुढे नवे, सडपातळ लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. तीन वर्षे मी एका मोडक्या पंख्याशेजारी पडून होतो. माझी बॅटरी तिथेच मेली. शेवटी भंगाराच्या लिलावात मला कंपनीच्या वॉचमनने घेतले. त्यांचे नाव रामकिसन साळवे. मला टॉवेलात गुंडाळून, सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून त्यांनी घरी आणले. त्यांच्या बायकोने, पारूबाईने, जुन्या लुगड्याची खोळ माझ्यासाठी शिवली. एवढी माया मला कंपनीत कुणी लावली नव्हती.

मला आणले होते ते त्यांच्या मुलीसाठी. दीपमाला बावीस वर्षांची, नुकतीच बी.ए. झालेली. तिच्या मैत्रिणीने, अमृताने, तिला सांगितले होते की इंटरनेटवर लोकांना लेख लिहून हवे असतात, घरी बसून लिहायचे आणि पैसे खात्यावर येतात. दीपमालाला लिहिण्याचा नाद शाळेपासूनचा. तिने वडिलांपुढे विषय काढला. रामकिसनने मिशीवरून हात फिरवला.

“दिवाळीपर्यंत बघ,” ते म्हणाले. “नाय जमलं तर कंपनीत पॅकिंगला लावतो. सायबाला शब्द दिलाय मी.”

झाले, आम्ही दोघे कामाला लागलो. मला बॅटरी नव्हती, म्हणून वीज गेली की मी जागच्या जागी डोळे मिटत असे आणि तिचा अर्धा परिच्छेद वाया जाई. ती एकदाही माझ्यावर रागावली नाही. तिने त्रेचाळीस ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक अर्जात ‘अनुभव’ असा एक रकाना असे आणि तिथे येऊन तिची बोटे थांबत. उत्तरे आली चार. चौघांनीही आधी फुकट नमुना मागितला. केसगळती, पाण्याची टाकी, मधाचे फायदे, जे मागतील ते तिने लिहून दिले. त्यातून दोन किरकोळ कामे मिळाली. पहिले पैसे आले त्या दिवशी पारूबाईने मला बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवून मेणबत्ती लावली. मला भारी संकोच वाटला, पण खरे सांगतो, सुखही वाटले.

मग त्यांच्यापैकी एकाकडून तिचा ईमेलचा पत्ता घेऊन अभय नावाच्या माणसाने निरोप धाडला. त्याचे पर्यटनावर एक संकेतस्थळ होते. त्याला या भागावर दर महिन्याला बारा लेख हवे होते, वर्षभर. हे काम मिळाले असते तर पॅकिंगचा प्रश्नच मिटला असता. त्याने वेरूळवर एक नमुना मागितला.

वेरूळ हे पारूबाईचे माहेर. ती भाकरी थापता थापता सांगत गेली आणि दीपमाला माझ्यावर लिहीत गेली.

“माझा बाप लेण्याच्या दारात आरसा धरून उभा राह्यचा,” पारूबाई म्हणाली. “ऊन पकडायचा न् आत टाकायचा. आत लई अंधार. ऊन गेलं की बुद्धाचा चेहरा असा उजळायचा की बोलायची सोय नाय. मान्सं आत बघून हात जोडायची. बाप भायेर उन्हात.”

“त्यांना कुणी काही म्हणायचं का गं, आई?”

“कोण म्हणतंय? आरसा हालला की तेवढं वरडायचे.”

सटवाजी त्यांचे नाव. दीपमालाने त्यांच्यावर चार पाने लिहिली. मित्रांनो, माझ्यातून हजारो कागद गेले, पण इतके खरे काही मी कधी पाहिले नव्हते. शेवटच्या ओळीला ती रडली आणि तिने ओढणीने माझी बटणे पुसली.

लेखाखाली ती नाव लिहू लागली, तेवढ्यात रामकिसनने तिला थांबवले.

“नाव नको टाकू, दीपा.”

“का, बाबा? लेख माझाच आहे ना?”

“तुझाच हाय. पर आधी लेख वाचू दे त्याला. म्या शहरात खोली हुडकत होतो तवा फोनवर सारं ठरायचं. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. अशा बारा खोल्या गेल्या माझ्या. आधी लेख आवडू दे, मंग सांग नाव.”

मग दीपमालाने लिहिलेले ‘दीप’ एवढे खोडले. तिच्या ईमेलच्या पत्त्यातही आडनाव नव्हते. मी मनात ओरडत होतो, की बाई, बिननावाचा कागद पाठवू नकोस, मी सात वर्षे तेच पाहिले आहे! पण मला बोलता येत नाही. तिने बटण दाबले आणि मी मुकाट्याने लेख पोहोचवला.

आठ दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले. ‘लेख आमच्या दर्जाचा नाही.’

दोन आठवडे गेले. एका दुपारी अमृताचा फोन आला. “दीपा, तुझ्या आजोबांवर, त्यांच्या त्या आरशावर कुणीतरी लिहिलंय बघ!” दीपमालाने ते पान माझ्यावर उघडले. तीच चार पाने होती. वर अभयचे नाव आणि त्याचा हसरा फोटो. बदल एकच होता, सटवाजीच्या जागी सगळीकडे ‘एक अडाणी म्हातारा’ असे घातले होते. पारूबाईला वाचता येत नाही. ती माझ्या पडद्याजवळ वाकली.

“माझ्या बापाचं नाव कुठं हाय यात? दाव की.”

दीपमाला पान नुसते खालीवर सरकवत राहिली. तिने मला बंदही केले नाही.

मग तिने धीर करून अभयला लिहिले, पुरावा म्हणून मूळ फाइलही जोडली. आणि इथे माझा गुन्हा आला. मित्रांनो, माझ्यावर कुठलीही नवी फाइल झाली की तिच्या आत मी माझ्या मालकाचे नाव आपोआप नोंदवतो. ती माझी जुनी सवय. माझ्या आतले नाव कुणी बदललेच नव्हते. दीपमालाला हे ठाऊक नव्हते आणि मला सांगता येत नव्हते. अभयने फाइल तपासली आणि उत्तर धाडले, ‘या फाइलमध्ये लेखकाचे नाव स्टोअर-२ असे आहे. म्हणजे तुम्हीच कुणाचा तरी लेख उचलून मला पाठवलात. पुन्हा संपर्क करू नये.’

तिच्या बाजूने उभा राहू शकेल असा मी एकटाच साक्षीदार होतो, आणि माझी साक्ष तिच्याच विरुद्ध गेली. त्या दिवशी मला वाटले, भंगारात गेलो असतो तर बरे झाले असते.

दिवाळी आली. दीपमाला सकाळच्या पाळीला पॅकिंगला जाऊ लागली. मी खोळीत पडून राहिलो. माझा पडदाही एका कडेने काळा पडू लागला.

एका रविवारी बापलेक मला पैठण गेटला नईमभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. पडद्याचे काही होणार नाही, असे नईमभाई म्हणाले. पण त्यांनी मला उघडून बघितले आणि ते हसले.

“दीदी, इसके पेट में पुराना नाम बैठा है ना. निकाल देता मैं. क्या नाम डालू?”

“दीपमाला,” ती हळूच म्हणाली.

रामकिसन पुढे सरकले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

“पुरं टाका, भाई,” ते म्हणाले. “दीपमाला रामकिसन साळवे. साळवे बी टाका.”

दीपमालाने त्यांच्याकडे पाहिले. ते माझ्याकडेच बघत होते. घरी आल्यावर पारूबाईने पाठीवरची ती पिवळी चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

तो लेख अजून अभयच्याच नावावर आहे. तो परत आणणे माझ्या आवाक्यात नाही. मित्रांनो, घरात जुनी वस्तू आणलीत तर तिला प्रेमाने पुसा, पण तिच्यावरचे जुन्या मालकाचे नावही पुसा. आणि तुम्ही जे कराल त्यावर तुमचे नाव घाला, पूर्ण घाला, ते वाचून कुणी पुढचे वाचले नाही तरी घाला.

आता दीपमाला रविवारी थोडे लिहिते. सटवाजींचा लेख तिने पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला आहे. माझा पडदा अर्धा काळा झाला आहे, फार दिवस मी टिकणार नाही. उरलेल्या अर्ध्यात तिचे नाव पूर्ण मावते.