दोन बोटं माया

आमच्या शिवणकामात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ती माया. गिऱ्हाईक आज ना उद्या सुटणारच हे धरून शहाणा टेलर प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया ठेवतो. वर्षभरानं तेच गिऱ्हाईक पँट घेऊन येतं, काउंटरवर आपटतं आणि म्हणतं, "मास्तर, कमरेत चुकलात तुम्ही." मी चुकलेला नसतो. पण तसं तोंडावर म्हणत नाही. मी कापड चिमटीत धरतो, मान हलवतो आणि म्हणतो, "कापड आटलं असेल, साहेब." मग शिवण उसवून माया मोकळी करतो. साहेब खूश, साहेबांचं पोटही खूश. एकतीस वर्षं माझं दुकान या एका वाक्यावर चाललंय.

हे आधी सांगून ठेवतो. गळ्यात चोवीस तास टेप असलेल्या माणसानं काय दिवे लावले, ते नीट कळायला हवं.

माझी मुलगी संगणकावर हलती चित्रं करते. मी त्याला कार्टून म्हणतो आणि दर वेळी बोलणी खातो. दोन वर्षं तिनं अर्ज केले, परीक्षा दिल्या, नकार झेलले. शेवटी एका स्टुडिओनं तिला घेतलं. काम घरूनच, सोमवारपासून. अट एकच, स्वतःचा संगणक तगडा हवा, त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं. आमचा संगणक असा की दोन चित्रं हलली की तिसऱ्याला धाप लागायची. सोमवारी मशीन तयार नसलं तर ते यादीतल्या पुढच्या नावाला फोन करणार होते. तसं त्यांनी तिला गोड शब्दांत कळवलंही होतं.

"कार्ड माझ्याकडून," मी जाहीर केलं. बाप आहे म्हटलं, एवढं तरी करावं.

तिनं मला कागदावर कार्डाचं नाव लिहून दिलं. नाव कसलं, बँकेच्या पासबुकावरचा नंबरच तो. खाली दोन रेघा मारून लिहिलं, 'छोटं, दोन पंख्यांचं.' मी माझ्या फोनवरून तिच्या खात्यात शिरलो आणि ऑनलाइन दुकान उघडलं. तिथं त्याच नावाची दोन कार्डं होती. एक दोन पंख्यांचं, एक तीन पंख्यांचं, म्हणजे लांबीला मोठं. सेल चालू होता, किंमत दोन्हींची सारखी.

इथं माझी एकतीस वर्षांची अक्कल जागी झाली. तेवढ्याच पैशात जास्त कापड मिळत असेल तर कमी कोण घेईल? आणि मोठं झालं तर आत घेता येतं. लहान निघालं तर कुणाच्या बापाला मोठं करता येत नाही. दुकानात हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट शिकवतो. मी तीन पंख्यांचं मागवलं. मागवताना टेप गळ्यात होती आणि संगणकाची पेटी, पोरीच्या भाषेत कॅबिनेट, हाताच्या अंतरावर होती. काखेत कळसा म्हणतात तो असा.

मंगळवारी कार्ड आलं तेव्हा मुलगी स्टुडिओत सह्या करायला गेली होती. म्हटलं, ती येईपर्यंत बसवून ठेवू, पोरगी चाट पडेल. पेटीचा पत्रा उघडला आणि कार्ड आत घातलं. ते गेलं नाही. तिरकं करून घातलं, तरी गेलं नाही. उभं धरलं, उलटं धरलं, घट्ट कॉलरला समजावतात तसं समजावलं. बरोबर दोन बोटं बाहेर राहत होतं. पत्र्याला कुणी माया ठेवलेली नव्हती.

बायको कोपऱ्यात काज-बटण करत बसली होती. दुकान आणि घर आमचं एकच, पुढं शिलाई मशीन, मागं स्वयंपाक, त्यामुळे माझा कुठलाही मूर्खपणा तिच्या नजरेतून सुटत नाही. मी पक्कड हातात घेतली तशी ती म्हणाली, "अहो, पत्रा आहे तो. टेरिकॉट नाही."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो आणि जोर लावला. कार्डाच्या टोकाला एक लोखंडी पट्टी असते, ती वाकली. पेटीला काही झालं नाही. मी पट्टी दातओठ खाऊन जमेल तशी सरळ केली आणि कार्ड परत खोक्यात घातलं.

मग परत पाठवायचं प्रकरण. ऑनलाइन दुकानवाले विचारतात, परत का करताय? खाली कारणांची यादी असते. 'वस्तू सदोष आहे.' 'दुसरीच वस्तू आली.' 'आता नको आहे.' 'माझी निवड चुकली.' पहिल्या दोन कारणांना पूर्ण पैसे परत. पुढच्या दोनांपुढं लाल अक्षरांत लिहिलेलं, 'पंधरा टक्के पुनर्साठा शुल्क लागू.' पुनर्साठा शुल्क म्हणजे काय, तर वस्तू परत फळीवर ठेवायची मजुरी. मी डोक्याला हात लावला. लोक माझ्याकडे वीस तागे उलगडून बघतात आणि 'पुन्हा येतो' म्हणून जातात. त्या प्रत्येक घडीचे पैसे घेतले असते तर आज माझ्या दुकानाला लिफ्ट असती.

पण खरं सांगू? पैशापेक्षा मला तो शेवटचा पर्याय झोंबला. 'माझी निवड चुकली.' माझी? मापात? त्या ओळीवर बोट ठेवायला माझं बोट तयार होईना. 'वस्तू सदोष आहे' दाबलं आणि मोकळा झालो.

लगेच त्यांच्याकडून फोन आला, ऑर्डरला नंबर मी माझाच दिला होता. गोड आवाजाची बाई होती.

"सर, वस्तूत काय दोष आहे?"

"बसत नाही."

"म्हणजे बसवल्यावर चालत नाही?"

"बाई, बसलंच नाही तर चालेल कसं?"

"बरोबर आहे सर. चालत नाही, असं लिहिते."

लिहू दे. लिहिलं तिनं, मी कुठं खोटं बोललो? असं मी स्वतःला तीनदा बजावलं. जो खरं बोलतो त्याला एकदाही बजावावं लागत नाही, हे तेव्हा सुचलं नाही. बाई म्हणाली, महागाची वस्तू आहे, आमच्या तंत्रज्ञ शुक्रवारी घरी येऊन तपासतील. "अवश्य पाठवा," असं मी तोऱ्यात म्हणालो.

फोन ठेवल्यावर बायकोनं दोरा दातानं तोडला. "चूक कबूल करायला तुमचं काय जातं हो?"

"पंधरा टक्के," मी म्हणालो.

मुलगी आली. "आलं का कार्ड?"

"आलं. पण खराब निघालं. फसवणूक आहे नुसती या कंपन्यांची." मी कंपनीला आणखी चार शिव्या हासडल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या टेपकडं. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

पुढचे दोन दिवस माझ्या हातून एक काम सरळ झालं नाही. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मुलगी मागच्या खोलीत जुन्या संगणकावर सराव करायची आणि तो मध्येच गार पडला की तिच्या खुर्चीचा आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला मी मशीनचं पायडल जोरात दाबायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी तंत्रज्ञ बाई आल्या. चाळिशीच्या, हातात अवजारांची पेटी, अंगात कंपनीचा निळा कोट. कोटाच्या बाह्या इतक्या लांब की दोन घड्या घालूनही तळहातावर येत होत्या. मला वाटलं, देवच पावला.

"बाई, पाच मिनिटं द्या, बाह्या आत घेऊन देतो. पैसे नकोत."

"आधी कार्ड बघू," त्या म्हणाल्या. मी लाच देतोय हे मला नंतर कळलं, त्यांना आधीच कळलं होतं.

त्यांनी आपल्या पेटीतून तपासणीचा उघडा बोर्ड काढला, मुलीचा स्क्रीन त्याला जोडला आणि कार्ड खोचलं. बटण दाबलं. तीनही पंखे भिरभिरले, स्क्रीन लख्ख उजळला. माझ्या आयुष्यात इतकी नीट चालणारी वस्तू मी पाहिलेली नव्हती.

"चालतंय की," बाई म्हणाल्या. मग वाकलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखली. कमरेत सुटलेलं गिऱ्हाईक 'तुम्ही चुकलात' म्हणतं, तेव्हा मी त्याच्याकडं त्याच नजरेनं बघतो. काउंटरच्या त्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा समजलं. फार वाईट वाटतं.

"तुमचं म्हणणं आहे की दोष आहे," त्या म्हणाल्या. "तसं असेल तर मी हे केंद्रात पाठवते. तिथं दहा दिवस तपासणी होते, मग निर्णय. तसंच लिहू?"

दहा दिवस. सोमवार तीन दिवसांवर होता. मुलगी दारात उभी होती. हाताची घडी घालून माझ्याकडं बघत राहिली. बायकोच्या सुईचा हात थांबला होता.

मला लाज वाटली. साधी, कान तापवणारी लाज. पोरीची दोन वर्षं एका बाजूला आणि माझी ऐट दुसऱ्या बाजूला, आणि मी अजून तोलून बघत होतो.

"नका लिहू," मी म्हणालो. "कार्डात काही दोष नाही. माप माझं चुकलं. तिनं छोटं सांगितलं होतं, मी मोठं मागवलं. वाटलं, मोठं असलं तर आत घेता येईल."

"कार्ड?" बाईंनी विचारलं.

"टेलर आहे मी."

बाईंनी ओठ घट्ट मिटले, तरी हसू फुटलंच. मग त्यांनी फोन काढला आणि 'माझी निवड चुकली' या ओळीवर बोट ठेवलं. खाली आणखी एक प्रश्न उघडला. 'पैसे परत हवेत की वस्तू बदलून हवी?'

"बदलून घेतलीत तर शुल्क नाही," त्या म्हणाल्या. "ते फक्त पैसे परत घेणाऱ्यांना. छोटं कार्ड इथल्या गोदामात आहे, उद्या दुपारी येईल. वाकलेल्या पट्टीचे तेवढे द्यावे लागतील. थोडेच आहेत."

"हे आधी कुठं लिहिलं होतं?"

"इथंच. ही ओळ दाबली की दिसतं."

म्हणजे मंगळवारीच माझी चूक आहे म्हटलं असतं, तर तेव्हाच सुटलो असतो. मी टाळत होतो ते शुल्क मुळात नव्हतंच. बायकोनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा काज घ्यायला लागली. पट्टीचे पैसे मी तिथंच दिले, निमूट. बाईंना म्हटलं, उद्या कार्ड घेऊन तुम्हीच आलात तर कोट आणा, बाह्या करून देतो. त्या म्हणाल्या, "आणते. पण पैसे घ्यायचे." मी मान डोलावली.

त्या गेल्यावर मी मशीनवर बसलो आणि दोन्ही डाव्या बाह्यांचा शर्ट उसवायला घेतला. मुलगी समोरच्या स्टुलावर येऊन बसली.

"तुला कधी कळलं?" मी खाली मान घालून विचारलं.

"मागवलंत तेव्हाच. खातं माझं आहे बाबा, निरोप माझ्या फोनवर येतो. तीन पंखे, लांबी किती, सगळं येतं त्यात."

"मग बोलली का नाहीस? तुझी नोकरी गेली असती."

"आज तुम्ही बोलला नसतात तर मी बोलणारच होते. दोन दिवसांची माया ठेवली होती."

मला पुढं काही शिवता येईना, डोळ्यांसमोर दोरा दिसेना. मी चष्मा काढून पुसायला लागलो. पुसून झाला तरी पुसत राहिलो. तिनं हात पुढं करून माझ्या गळ्यातली टेप सरळ केली, संगणकाच्या उघड्या पेटीकडं बघितलं आणि पत्रा चिमटीत धरून गंभीरपणे मान हलवली.

"कॅबिनेट आटलं असेल, बाबा," ती म्हणाली.