थरथरत्या हातातला ठसा

मी एक जुना लाकडी ठसा आहे. जैतुनाच्या लाकडाचा, तळहातापेक्षा थोडा मोठा, पाठीवर धरायला मूठ आणि तोंडावर कोरीव नक्षी. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य तोंड खाली आणि पाठ वर अशा अवस्थेत गेलं. त्यामुळे मला गर्व करायला कधी जमलंच नाही. कणकेत तोंड खुपसून कोण गर्व करणार?

मी नाईलच्या काठच्या एका गावात राहतो. गावामागे पांढऱ्या दगडाचा डोंगर आहे आणि डोंगरात खाणी. गावात आमचं कॉप्टिक देऊळ आहे, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांचं, येशूचं उपासनामंदिर. त्याच्या अंगणात एका कोपऱ्यात भट्टीची खोली आहे. तिला सगळे येशूच्या जन्मगावावरून बेथलेहेम म्हणतात, कारण वेदीवर जाणारी भाकर तिथे जन्माला येते. त्या भाकरीला म्हणायचं कुर्बान. पीठ, पाणी आणि खमीर, बस. मिठाचा कणसुद्धा नाही. भाजणाऱ्याने उपाशीपोटी, स्तोत्रं म्हणत कणीक मळायची. मग गोळ्यांवर माझं तोंड दाबायचं. मध्ये मोठा चौकोन उमटतो, तो प्रभूचा. त्याच्या भोवती बारा छोटे क्रूस. मग सळईने चौकोनाच्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन भोकं पाडायची, प्रभूला झालेल्या जखमांची. पण चौकोनाला सळई लागता कामा नये. लागली की ती भाकर वेदीसाठी बाद.

उपासनेच्या सुरुवातीला पुरोहित टोपलीतल्या भाकऱ्या एकेक करून उलटसुलट पाहतात आणि त्यातली एकच, निर्दोष असलेली, वेदीवर नेतात. उरलेल्या शेवटी आशीर्वाद म्हणून लोकांना वाटतात. म्हणजे वाया काहीच जात नाही. पण भाजणाऱ्याचा जीव मात्र त्या एका भाकरीसाठी टांगणीला लागलेला असतो.

मला गावातल्या सुताराने कोरलं आणि सिदहोमच्या हाती दिलं. सिदहोम तेव्हा तरुण होता. त्याचा हात असा, की मला वाटायचं मी आपणहून कणकेवर टेकतोय. रविवारमागून रविवार त्याची भाकर वेदीवर गेली. लोक म्हणायचे, "सिदहोमच्या भाकरीत अबूनांना खोट काढायची असेल तर भिंग लागेल." अबूना म्हणजे आमचे पुरोहित. ते ऐकून सिदहोम मला पुसायचा आणि खुंटीवर टांगायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

त्याचा मुलगा वनीस लहान असताना सिदहोम त्याची मूठ माझ्या मुठीवर ठेवायचा आणि वरून आपला पंजा. आणि म्हणायचा, "म्हण. येशू, माझा हात धर." पोर म्हणायचं, "पण तुम्ही धरलाय की!" सिदहोम खो खो हसायचा.

वनीस मोठा झाला आणि खाणीत कामाला गेला. दगड कापणारी चक्री दिवसभर हातात, धूळ छातीत, पाठ मोडलेली. तिथे सगळेच एक गोळी घ्यायचे. दुखणं थांबायचं आणि माणूस बैलासारखा राबायचा. आधी एक, मग दोन, मग गोळीशिवाय उठवेना. हे मला पुढे कळलं. कारण वनीस रविवारची कुर्बान भाजायला यायचा तेव्हा त्याचा हात खांबासारखा स्थिर असायचा. सिदहोमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून काम हळूहळू मुलाकडे आलं होतं. आणि काय सांगू तुम्हाला, भाकऱ्या अशा देखण्या उतरायच्या! अबूना तद्रुस टोपलीत फार वेळ शोधायचेच नाहीत.

एक दिवस वनीसची बहीण इन्साफ पिठाचं पोतं झटकत होती. त्यातून गोळ्यांची पट्टी पडली. इन्साफच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "अगं बाई! म्हणजे स्तोत्रं तोंडात आणि हे पोटात? बाबा, तुमचा लाडका उपाशीपोटी भाकर भाजतो म्हणे. हे बघा त्याचं उपाशीपोट!"

सिदहोमने पट्टी बोटांनी चाचपली. वनीस भिंतीला टेकून उभा होता. बाप एवढंच म्हणाला, "वेदीवर काय पाठवत होतास रे?" मित्रांनो, मीसुद्धा त्या भाकऱ्यांवर तोंड टेकवलं होतं. मला रडू आलं, पण लाकडाला रडता येत नाही.

त्याच दिवशी वनीस अबूनांकडे गेला आणि पायरीवर बसून सगळं कबूल केलं. अबूनांनी त्याला तिथून थेट भट्टीपाशी आणलं आणि माझ्यासमोरच म्हणाले, "ऐक, बाळा. मी तुझी भाकर उचलत होतो, ठीक आहे. पण देवाला नुसती भाकर पुरत नाही. तूही हवा आहेस त्याला. आणि तू मला टोपलीत कधी दिसलाच नाहीस." मग त्यांनी त्याला वाळवंटाच्या कडेला असलेल्या चर्चच्या आश्रमात नेलं. तिथे डॉक्टर होते, प्रार्थना होती आणि गोळी सोडायला धडपडणारी त्याच्यासारखीच माणसं होती. बरेच महिने तो तिकडे राहिला. सिदहोम रोज येऊन मला खुंटीवरून काढायचा, पुसायचा आणि परत टांगायचा. बोटांनीच ओळखायचा मला.

वनीस परत आला तो वाळलेल्या काटकीसारखा. पण डोळे स्वच्छ. बापाने विचारलं, "बरा झालास?" वनीस म्हणाला, "नाही बाबा. रोज सकाळी येशूला सांगतो, आजचा दिवस सांभाळ. तो सांभाळतो. उद्याचं उद्या."

पण एक मोठं दुःख त्याने बरोबर आणलं होतं. त्याचा हात थरथरू लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, कदाचित जाईल, कदाचित राहील. राहिला. मी त्याच्या हातात असलो की माझेच दात वाजतात की काय असं वाटायचं, दात नाहीत तरी! ठसा तिरका उमटायचा. सळई घसरून चौकोनात शिरायची. म्हणजे बघा, गोळीच्या हाताने केलेली भाकर सुबक आणि खऱ्या हाताने केलेली वेडीवाकडी. असला उफराटा न्याय मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी शेजारच्या गावातून मोटरसायकलवर भाकऱ्या यायच्या. अबूना दोन्ही टोपल्या पाहायचे आणि शेजारच्या गावच्या टोपलीतली उचलायचे. वनीसच्या भाकऱ्या शेवटी वाटल्या जायच्या. पोरं हसायची, "ही बघ, हिच्यावर उंट नाचून गेलाय." इन्साफ पोरांवर धावून जायची आणि घरी आल्यावर भावाला टोमणा मारायची, "काय रे, भूकंप झाला होता का?" मग ओढणीने डोळे पुसायची. वनीसने मात्र एकही रविवार चुकवला नाही. तो उपाशी राहायचा, स्तोत्रं म्हणायचा, बिघडवायचा आणि पुन्हा मळायचा.

मग सिदहोम अंथरुणाला खिळला. त्याचं आता फक्त एकच मागणं उरलं होतं. "आपल्या बेथलेहेमातली भाकर एकदा वेदीवर जाऊ दे. वनीसची. मग मी निघतो." डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली तेव्हा तो म्हणाला, "मला भट्टीपाशी न्या. तिथे ऊब आहे." वनीसने त्याला उचलून आणलं आणि भिंतीशी गादी घातली. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

पहाटे खिडकीत झाखिर आला. झाखिर म्हणजे वनीसचा खाणीतला सोबती. माणूस वाईट नव्हता. त्याला वनीसची दया आली होती. त्याने खिडकीतून हात आत घातला आणि कुजबुजला, "घे. एकच. हात बघ कसा खांब होतो तुझा. म्हातारा जायच्या आत त्याचं मन तरी भरू दे. कोणाला कळणार आहे?"

वनीसने गोळी हातात घेतली. झाखिर गेला. वनीस ती तळहातावर धरून उभा राहिला. त्याचा दुसरा हात माझ्या मुठीवर होता आणि मी त्याच्याबरोबर थरथरत होतो. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं, अरे, नको रे! तिरका उमटलो तरी चालेल मला! पण ठशाचं कोण ऐकतं?

"काय दिलं त्याने?" गादीवरून सिदहोमने विचारलं. डोळे गेले तरी कान शाबूत होते.

"गोळी, बाबा."

"खरं बोललास." म्हातारा बराच वेळ धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "मी मागितलं ते चुकलं असेल तर माझं मागणं टाकून दे. पण तू त्या वाटेला पुन्हा जाऊ नकोस."

वनीस हुंदके देऊन रडायला लागला. "मला तुमच्यासाठी एकदा तरी नीट करायचंय हो!"

"मग मला काय सांगतोस? ज्याला सांगायचं त्याला सांग."

वनीसने गोळी भट्टीत टाकली. जाळ तसाच राहिला, काही झालं नाही. मग त्याने माझी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि लहानपणी म्हणायचा तसंच म्हणाला, "येशू, माझा हात धर." मला कणकेवर टेकवलं. तिरका. पुन्हा म्हणाला. पुन्हा तिरका. पुन्हा. सिदहोम म्हणाला, "कणकेचा पाट इकडे आण." वनीसने पाट गादीजवळ ओढला. म्हाताऱ्याने कष्टाने हात उचलला आणि मुलाच्या मुठीवर ठेवला. आता दोन हात थरथरत होते. एक आजाराने आणि एक त्या जुन्या गोळ्यांच्या मागे राहिलेल्या दुखण्याने. दोघांनी मिळून ते चार शब्द म्हटले आणि मला दाबलं.

मी खोटं सांगणार नाही. सगळ्या भाकऱ्या काही सरळ आल्या नाहीत. बऱ्याच तिरक्याच होत्या. पण एक उतरली. भाजून निघाली तेव्हा वनीसने ती बापाच्या हातात दिली. सिदहोमने तिच्यावरून सावकाश बोट फिरवलं. इकडे तीन भोकं. तिकडे दोन. मग बोट मधल्या चौकोनावरून चारही बाजूंनी फिरलं.

"लागलेली नाही," तो म्हणाला. "ने."

वनीसने खजुराच्या पानांच्या टोपलीत भाकऱ्या ठेवल्या आणि देवळात गेला. इन्साफही गेली. मला खुंटीवर टांगायला तो विसरला. मी गादीच्या कडेला सिदहोमच्या हाताजवळ पडून राहिलो. घंटा वाजली. देवळातून गाणं ऐकू यायला लागलं. सिदहोमचा हात चाचपडत माझ्यापर्यंत आला आणि त्याने माझी मूठ धरली. त्या हाताला मी चांगला ओळखत होतो. गाणं चालू असतानाच तो हात सैल पडला.

इन्साफ धावत आली. चपला कुठे, ओढणी कुठे. दारातूनच ओरडली, "बाबा! आपल्या टोपलीतली उचलली! अबूनांनी तीनदा फिरवून पाहिली आणि आपलीच उचलली! ऐकताय ना?"

मग तिने पाहिलं. ती दारातच खाली बसली. मागून वनीस आला. तो बापाच्या पायाशी बसला आणि त्याचे पाय चोळत राहिला, जणू ते गार होऊ नयेत म्हणून. मी अजून सिदहोमच्या मुठीतच होतो. मला बाहेर काढायला वनीसला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.

आता मी म्हातारा झालो आहे. भट्टीच्या धगीने मला कडेला तडा गेला. देवळाने नवीन ठसा आणला आणि वेदीची भाकर आता त्याने उमटते. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण वनीसने मला टाकून दिलं नाही. वाळवंटाच्या आश्रमात दर शनिवारी भाकऱ्या जातात, गोळी सोडणाऱ्यांसाठी. त्या माझ्या तोंडाने उमटतात. त्यांच्या कडेला माझ्या तड्याची बारीक रेघ येते. तक्रार कोणी केलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा गल्लीत एखादा हात थरथरताना दिसला, तर त्याला हसू नका. त्याने किती भाकऱ्या बिघडवल्या हेही मोजू नका. आणि तो हात स्थिर करायला सोपी वाट दाखवू नका, कितीही दया आली तरी. जमलं तर जवळ बसा.

परवाच आश्रमातून सुटलेला एक माणूस आमच्या दारात येऊन उभा राहिला. केस पांढरे, मान खाली, दोन्ही हात काखेत दडवलेले. तो झाखिर होता. वनीसने त्याला आत घेतलं. पाट ओढला, मला खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिलं. तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता.

"मला नाही जमायचं रे," झाखिर म्हणाला.

वनीसने आपला हात त्याच्या हातावर ठेवला. तोही थरथरतच होता.

"माझंही कुठे जमतंय?" तो म्हणाला. "चल, म्हण."