मुंगसाचा शकुन

आमच्या मालकाला, म्हंजे माझ्या घरधन्याला, शकुनाचं लई येड. भोकरच्या कचेरीत बांधाच्या भांडणाची पेशी आसली, की मुंगूस दिसल्याबिगर बैलगाडी हलायची न्हाई. मुंगूस दिसलं म्हंजे काम फत्ते. म्हणून परसातल्या वारुळापाशी रोज वाटीभर दूध ठिवायचे. घरात ताकाला पाणी अन् मुंगसाला दूध.

त्याच परसात माझं खुराडं. मुंगसानं दूधबी पिलं अन् माझी अंडीबी फोडली. टरफलं दाखविली तर म्हणत्यात, "आगं, सापानं खाल्ली आसतील. मुंगूस गरीब जनावर हाय."

"हाव, लई गरीब. मिशाला बलक लागलाय त्याच्या."

मला घोर होता काबरीचा. माझी आई गेली तवा माहेराहून, उमरीहून, ही कोंबडी म्या काखेत घालून आणली. आईच्या हातचं तेवढंच मागं ऱ्हायलं होतं. ती खुडूक झाली, अंड्यावर बसविली, पिल्लं निघाली. म्या खुराड्याभोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. आता ये म्हटलं, मेल्या.

पेशीचा दिवस उजाडला. मुंगूस काही दिसंना. "तुझ्या काट्यानं आडलंय ते," म्हणून मालकानं सोताच्या हातानं काट्या उपसल्या. चोराला दार उघडून दिलं बघा. मुंगूस आलं. ह्यांनी हात जोडले, डोळे मिटले. ते सरळ पिल्लाकडं.

चुलीपासून म्या फुकणी घिऊन पळाले, पर माझ्या आधी काबरी उडाली. पंख फुलवून त्याच्या टाळक्यावरच बसली अन् टोचून टोचून त्याला पळवलं. ते पळालं मालकाच्या पायातून. मालक शेणात, पागोटं तिकडं. काबरीचा राग निवला नव्हता, तिनं पागोट्यालाबी टोचलं.

"शकुन मोडला," म्हणत तसेच गेले. म्या पिल्लं पदरात घेतली. सगळी होती. मंग बसून रडले.

दिवस मावळायला मालक हसत आले. बांध आमचा ठरला होता. त्यांनीच गुमान काट्या परत रोवल्या.

पुढं एकदा मालक उमरीच्या बाजाराला निघाले. बैल जुंपलेले, अन् हे मूठभर जवारी घिऊन खुराड्याम्होरं हात जोडून उभे.

"आगं, काबरीला जरा बाहीर काढ. तोंड दिसू दे."

आई आसती तर लई हसली आसती.